लॅपटॉपमधला बोर्ड आणि तळ्यातला जिताडा

नाही, पण मला एक सांगा, पाल मेली यात माझा काय दोष? ती काय मला विचारून डब्यात शिरली होती? शिरली ती शिरली, नेमकी बोर्डावर आडवी झाली, डोकं एका पिनेवर, शेपूट दुसऱ्या पिनेवर, चट् करून आवाज झाला, पाल गेली, बोर्ड गेला, आणि घरातले सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जसं काय मीच तिला थोपटून तिथे झोपवलं. आणि दुसऱ्या दिवशी मेहुणीचा साखरपुडा. तुम्हीच सांगा, माणसाने घाबरायचं नाही तर काय करायचं?

थांबा, असं अर्धवट नको. मी धनेश, राहतो पनवेलला, नोकरी सॉफ्टवेअरची. बायको रोशनी, तिचं माहेर गव्हाण. सासरे बळीराम, मी त्यांना बाबाच म्हणतो. भातशेती गेली, मिठागर गेलं, घराच्या चारी बाजूंनी टॉवर उभे राहिले, त्यांच्या मधोमध मागच्या अंगणापलीकडे एक तळं तेवढं उरलंय, आणि त्या तळ्यात जिताडे. आता जिताडा म्हणजे नुसता मासा असं समजू नका. माझ्या सासुरवाडीत कुणाचा मान राखायचा म्हणजे त्याला घरच्या तळ्यातला जिताडा खाऊ घालायचा. मुलीच्या साखरपुड्याला नवऱ्याकडच्यांच्या ताटात बाजारातून आणलेला मासा पडला, तर बाबा गावातून मान खाली घालून फिरतील, गंमत नाही सांगत. धाकटी मेहुणी मनस्वी कॉलेजात होती तेव्हाच बाबांनी खाडीतली बोटाएवढी पिल्लं आणून तळ्यात सोडली होती. नवरामुलगा कोण, कुठला, काही पत्ता नाही, पण मासा तयार ठेवलेला.

आणि अशा माशांच्या मध्ये मी गेलो. कशाला गेलो? कुणी बोलावलं होतं? ढगाळ हवा असली, उकडायला लागलं, की पाण्यातला प्राणवायू कमी होतो आणि मासा गुदमरतो. म्हणून तळ्यात पाणी उडवणारा एक पंखा असतो. बाबा तो हाताने चालू-बंद करायचे. मी म्हटलं, छे, बाबा, मी बसवून देतो. एक कॉम्प्युटर येतो, पत्त्यांच्या जोडाएवढा, एकाच हिरव्या पाटीवर सगळं, त्याला आम्ही बोर्ड म्हणतो. पंख्याचं जुनं बटण काढून टाकलं आणि तळ्याकाठच्या खांबावर एका डब्यात तो बसवला. पाण्यात एक सेन्सर सोडला. प्राणवायू कमी झाला की बोर्ड पंखा लावणार, वाढला की बंद करणार. बाबा गावभर सांगत सुटले, आमच्या जावयाने तळ्याला डोकं लावलंय. अन् शनिवारी सकाळी त्या डोक्यावर पाल.

नवा बोर्ड पनवेलात शोधला. जिथे जाईन तिथे मोबाइलची कव्हरं. ऑनलाइन बघितलं तर म्हणे बुधवारी मिळेल. साखरपुडा रविवारी. बाहेर हवा अशी कोंदट की शर्ट पाठीला चिकटलेला. पण पाल मरताना एक उपकार करून गेली होती, बोर्डातलं कार्ड वाचलं होतं. त्या कार्डात ऑपरेटिंग सिस्टीम, त्यातच माझा पंख्याचा प्रोग्रॅम. फक्त ते कार्ड त्या बोर्डाशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलत नाही. मी म्हटलं, हरकत नाही. मी लॅपटॉपमध्येच खोटा बोर्ड तयार करतो.

रोशनी म्हणाली, "खोटा म्हणजे?"

म्हटलं, "अगं, इम्युलेटर असतो. सॉफ्टवेअरच. ते बोर्डाचं सोंग घेतं. कार्डाला वाटतं आपण बोर्डातच आहोत."

"आणि बोर्ड कुठाय?"

"नाहीये ना. म्हणून तर."

ती मराठी शाळेतली शिक्षिका आहे हो, वर्गातल्या मुलाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं आणि पोहे ठेवून निघून गेली. आणि मी ओटीवर बसलो, खुर्चीवर लॅपटॉप, समोर बाबा, शेजारी सासूबाई, मागे मनस्वी, आणि तेवढ्यात कोण यावं? काशिराम. नवऱ्यामुलाचा सख्खा मामा. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र सदरा-लेंगा. म्हणे, "उद्याची तयारी बघाला आलू, मासा कवडा हाय तो बघू." बाबांनी त्यांना माझ्या शेजारी खुर्ची दिली आणि म्हणाले, "बसा, आमचे जावई जरा तल्याचा काम करतान." त्या पाहुण्यासमोर, सगळ्या घरादारासमोर, मी ते कार्ड सुरू करायला घेतलं. तुम्हीच सांगा, घाबरायचं नाही तर काय करायचं?

पहिल्यांदा काय झालं, ते सोंग घेणारं सॉफ्टवेअर म्हणालं, कार्डाचा आकार मला चालत नाही. का रे बाबा? तर म्हणे आठ चालेल, सोळा चालेल, मधलं काही चालणार नाही. ही काय चप्पल आहे? बरं, ते ओढूनताणून सोळा केलं. मग म्हणे, या बोर्डाचा नकाशा द्या. दिला. मग म्हणे, हा नकाशा दुसऱ्या बोर्डाचा आहे. तोही बदलला. मग पडदा काळा. काळा म्हणजे अगदी काळा, कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकतेय. काशिराममामा वाकून बघतात आणि विचारतात, "चालू झाला?" मी म्हणतो, "होतंय." मग एकदम भराभरा अक्षरं वरून खाली पळायला लागली, सासूबाईंनी हात जोडले, आणि शेवटी ओळ आली, कर्नेल पॅनिक. म्हणजे त्या सिस्टीमचं जे मूळ असतं ना, त्याने लिहून दिलं, मी घाबरलोय, मला पुढे काही सुचत नाही. अरे, तू घाबरलास? मी काय करू मग? माझ्या शेजारी मुलाचा मामा बसलाय.

बाबा अधूनमधून उठून तळ्याकडे एक चक्कर मारायचे, यायचे, बसायचे. काही बोलायचे नाहीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो, चेहरा शांत. मी म्हणायचो, चला, म्हणजे तळं ठीक आहे.

तुम्हाला सांगतो, दुपार टळली, जेवणाचं ताट तसंच, पापड सादळला, आणि शेवटी एकदाचं ते सुरू झालं. अहो खरंच सुरू झालं. माझा बोर्ड, जो जगात नव्हता, तो मला नाव विचारत होता, पासवर्ड विचारत होता. मी पासवर्ड टाकला. पंख्याचा प्रोग्रॅम लावला. तो पडला. का? तर सेन्सर सापडत नाही. बरोबर आहे, सोंगाला कुठला सेन्सर? मी म्हटलं, जरा वेळ याला समजावू, आणि सेन्सरच्या जागी एक छानसा आकडा लिहून टाकला. भरपूर प्राणवायू. तात्पुरता हं. आणि पंखा थोडा वेळ चालव म्हणून सांगितलं. पडद्यावर हिरव्या अक्षरात आलं, प्राणवायू उत्तम. पंखा चालू.

पंखा चालू! घरात काय आनंद झाला म्हणून सांगू. मनस्वीने टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी लॅपटॉपला हळदकुंकू लावलं, बरोबर त्या चालू-बंदच्या बटणावर. काशिराममामा म्हणाले, "आमचा पोरगा मिथुन दुबईला हाय, त्याला पन असला काय येत नाय." बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि मी... मी फुगलो. का नाही फुगणार? सकाळपासून "हे सुरू होऊ दे, हे सुरू होऊ दे" एवढंच जपत बसलो होतो. कशासाठी सुरू व्हायला हवं होतं, ते डोक्यातून कधी निघून गेलं, कळलंच नाही.

मग आमची वरात निघाली तळ्याकडे. पुढे मी, हातात उघडा लॅपटॉप, बाळाला धरतात तसा दोन्ही हातांत. मागे काशिराममामा, मग बाबा, मग बायका. बांधावर आलो, बघतो तर काय, सगळे जिताडे वर. पाण्याच्या वरच्या अंगाला, तोंडं बाहेर, आ करून. काशिराममामा खूश. म्हणाले, "काय मासा हाय! कसं दर्शन देतान बघा." मनस्वी व्हिडिओ काढतेय. मीही म्हटलं, वा. खरंच म्हटलं. मस्त शांत वाटत होतं, वारा नाही, कसला आवाज नाही.

आवाज नाही?

मी लॅपटॉपकडे बघितलं. पंखा चालू. मी तळ्याकडे बघितलं. पंखा बंद. ठार बंद, त्याच्या पात्यावर एक बगळा बसलेला, आरामात, कुणाला आधी खाऊ असा विचार करत. मी परत लॅपटॉपकडे बघितलं. प्राणवायू उत्तम. आणि मग माझ्या लक्षात आलं... मी लॅपटॉप घेऊन ओटीपासून बांधापर्यंत चालत आलो होतो. चालत! एकही वायर मला अडकली नव्हती. अडकणार कशी? होतीच कुठे वायर? खोट्या बोर्डाने खोट्या तळ्यातला खोटा पंखा लावला होता आणि खऱ्या तळ्यात खरे मासे मरायला टेकले होते.

मी काय केलं? लॅपटॉप काशिराममामांच्या हातात दिला आणि उडी मारली. कमरेएवढं पाणी, त्यात नवीन पॅन्ट, साखरपुड्यासाठी घेतलेली, घालून बघितली होती ती अंगावरच राहिलेली. हातपाय आपटायला लागलो. पाणी वर उडालं पाहिजे, एवढंच कळत होतं. आणि तुम्हाला सांगतो, एक माणूस विचारत नाही, काय झालं म्हणून. जावयाने उडी मारली ना? बाबांनी मारली. काशिराममामांनी लॅपटॉप सासूबाईंना दिला, म्हणाले, "ह्यो पन त्यातलाच भाग असंल," आणि कडक इस्त्रीसकट पाण्यात. तिघं जण तळ्यात पाय झाडतोय, हातांनी पाणी फेकतोय, जिताडे आमच्या मांड्यांना धडका मारतायत, बगळा उडून गेला, आणि सासूबाई बांधावरून पडद्यावर वाचून सांगतायत, "उत्तम दाखवतंय हो, उत्तम." मी ओरडलो, "रोशनी, खांबावरच्या डब्याचा मेन बंद कर, पंख्याच्या वायरी सरळ लाइनला जोड, मग मेन लाव!" तिने जोडल्या. पंखा फिरला. काय तो आवाज. मी त्या चिखलात उभा राहून रडलो हो. पाणी एवढं उडत होतं की कुणाला कळलं नाही, हे एक बरं.

मासे वाचले. एक मोठा गेला, तो त्याच संध्याकाळी काशिराममामांच्या ताटात पडला, मान म्हणून. ते बोटं चाटत म्हणाले, "अशी सिस्टीम आमच्याकडं पन पायजे." तुम्हीच सांगा, आता यावर घाबरायचं नाही तर काय करायचं?

पण मला राहवेना. पाहुणे गेल्यावर मी बाबांजवळ जाऊन बसलो. म्हटलं, "बाबा, ते लॅपटॉपमधलं सगळं खोटं होतं. पंखा लागलाच नव्हता."

ते अंघोळ करून टॉवेलने डोकं पुसत होते. म्हणाले, "माहीत हाय."

"माहीत आहे? कधीपासून?"

"दुपारपासना. पंख्याचा आवाज नाय, ता ऐकू येतं ना."

"मग बोललात का नाही?"

तर माझ्याकडे असे बघायला लागले, की मीच काहीतरी विचित्र विचारलंय. म्हणाले, "पावन्यासमोर जावयाला कसा बोलायचा? मासा काय, परत सोडता येतो."

तुम्हाला सांगतो, ती पिल्लं त्यांनी स्वतः खाडीत उतरून आणली होती. पोरीच्या नावाने वाढवलेली. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावासमोर त्यांची मान खाली गेली असती. आणि हा माणूस चक्कर मारून यायचा, शांत चेहऱ्याने माझ्यासमोर बसायचा, का, तर माझी मान खाली जाऊ नये. आणि मी त्यांचा शांत चेहरा बघून म्हणत होतो, तळं ठीक आहे. मला इतकी लाज वाटली आणि इतकं भरून आलं, की मी उठलो आणि तळ्याकडे एक चक्कर मारून आलो.

रविवारी साखरपुडा झाला. जिताडा सगळ्यांना पुरला. पंखा दिवसभर डायरेक्ट वायरवर घरघरत होता, आम्हाला सनईपेक्षा गोड. जेवण झाल्यावर नवरामुलगा बाबांबरोबर तळं बघायला आला. हृतिक. पोरगा चांगला आहे, नम्र आहे, नको म्हणायला काही कारण नाही. खांबावरचा डबा बघून म्हणाला, "हे काय बाबा, वायर डायरेक्ट? धोकादायक आहे हे. मी उद्याच येतो आणि सगळं मोबाइलवर आणून देतो. बोर्ड-बिर्ड काही लागणारच नाही."

मी बाबांकडे बघितलं. बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग ते हृतिककडे वळून हसले, म्हणाले, "करा ना, तुमचाच घर हाय." त्याच्या पाठीवर हात ठेवला. आणि तो पुढे गेल्यावर माझ्या कानाशी आले आणि हळूच म्हणाले, "धनेशराव, उद्या येताना जुनी प्यांट घालून या."