टाकी दोनदा फुल

तुम्ही ॲव्हरेजवरून भांडताय म्हणून सांगतो. विचुंब्याच्या आमच्या दामूकाकांनी नवी डिझेल गाडी घेतली. आयुष्य डंपरवर गेलं, त्यामुळे या नव्या डिजिटल काट्यावर त्यांचा काडीचा विश्वास नाही. मीच शहाणपणा केला. म्हटलं, टाकी फुल करा, दोनशे किलोमीटर चालवा आणि परत फुल करा. दुसऱ्यांदा जेवढं डिझेल मावेल, तेवढं गाडीनं खाल्लं.

चार दिवसांनी काका मला गाडीत घालून थेट शोरूमला.

"वीसचा ॲव्हरेज बोलले व्हते. दोनशेला सतरा लिटर बसला. बारा पन नाय पडत. गाडी परत घ्या."

तिथला मेकॅनिक चांगला मुरलेला माणूस. त्यानं बॉनेटला हातही लावला नाही.

"काका, आज टाकी कशी भरलीत?"

"फुल म्हंजे फुल. नोझल बंद पडला तरी आमी दोघा भावांनी गाडी मागनं धरून गदागदा हालवली. आतली हवा निघते, अजून पाच-सहा लिटर आरामात बसतो. डंपरला पन तसाच करायचो."

"आणि पहिल्यांदा भरली, तेव्हाही हलवली होतीत?"

काकांनी आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हा कसला मेकॅनिक, असं.

"नवीकोरी गाडी," ते म्हणाले, "हार पन उतरवला नव्हता. तिला कोन हालवतो?"