सतरा नंबरचं झाड

सुकन्या: आधी दार लाव, अण्णा. कडी घाल.

संघपाल: घातली. आता काय झालं ते तरी सांग! डबा द्यायला आलीस, मागच्या शेडकडं गेलीस, आणि डबा तिथंच टाकून पळालीस. अख्खी मिल बघत होती.

सुकन्या: नागेशनं बघितलं?

संघपाल: सुपरवायझर आहे तो. त्याच्या नजरेतनं मांजर सुटत नाही. का?

सुकन्या: तू मशीनवर दिसला नाहीस म्हणून मागं गेले. तिथं निळ्या ताडपत्रीखाली ओंडके आहेत. कधी आले ते?

संघपाल: मला काय माहीत? सॉ मिल आहे, ओंडके येणार नाहीत तर काय आंबे येणार?

सुकन्या: एकावरसुद्धा वनखात्याच्या हातोड्याचा शिक्का नाही, म्हणजे तोडीला परवानगीच नाही. साल तशीच आहे, आणि सालीवर दगडफूल आहे. तळहाताएवढं. अजून ओलसर. आणि हे बघ.

संघपाल: हा कसला पत्रा?

सुकन्या: ओळखला नाहीस? सतरा नंबर. दोन वर्षांमागं तूच धरला होतास, मी खिळा ठोकला होता.

संघपाल: ते... हल्याळकडचं रान?

सुकन्या: माझं झाड आहे ते, अण्णा. दगडफुलांवरच्या पीएचडीसाठी निवडलेल्या चाळिसातलं.

संघपाल: आणि तू हा मिलमधनं उपटून आणलास? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?

सुकन्या: आधी फोटो काढला. मग मागून कुणाच्यातरी चपलांचा आवाज आला. घाबरून ओढलाच मी.

संघपाल: बस. पाणी पी. हे बघ, एक झाड गेलं. रानात झाडं काय कमी आहेत?

सुकन्या: एक नाही. पंधरा दिवसांमागं गेले होते, तेव्हा अकरा तोडलेले बुंधे मोजले. घरी बोलले नाही. अव्वा परत जाऊ देणार नाही म्हणून.

संघपाल: अकरा?

सुकन्या: आणि जी उभी आहेत ती बघवत नाहीत. मोठी झाडं गेली, वरचं छप्पर उघडं पडलं. दिवसभर ऊन, गरम वारा. त्या दगडफुलांना मुळं नसतात रे. धुकं आणि सावली, तेवढ्यावरच जगतात. एकोणीस नंबरवरच्या दगडफुलावर हात ठेवला तर पापडासारखं चुरलं. पांढरं पडलं होतं. माझ्या आजीच्या वयाचं असेल ते.

संघपाल: परत उगवेल की.

सुकन्या: कशावर? तसली जुनी, खरबरीत साल पाहिजे, तसला गारवा पाहिजे. रोपवाटिकेतलं सागवान लावून ते येत नाही. आपण म्हातारे होऊ तोवर यायचं नाही.

संघपाल: मग आता काय करायलीस?

सुकन्या: माझ्या गाइडना, सुधींद्र सरांना, फोटो पाठवलाय. धारवाडला वनखात्याच्या ऑफिसात लेखी द्यायला ते बरोबर येतायत. आज पाचपर्यंत तिथं पोचायचंय.

संघपाल: नको.

सुकन्या: म्हणजे?

संघपाल: नको म्हणलं ना! आठ दिवस थांब. लाकूड कापून जाऊ दे. मग काय लिहायचं ते लिही.

सुकन्या: कापल्यावर पुरावा काय राहतो? अण्णा, इकडं बघ. त्या रानात पायवाट नाही. त्या ओढ्यापलीकडं एवढी मोठी झाडं आहेत हे गावातल्यांनासुद्धा ठाऊक नाही. नागेशला कुणी सांगितलं?

संघपाल: थांब, कडी नीट बसलीय का बघतो.

सुकन्या: अण्णा.

संघपाल: मी फुशारकी मारायला गेलो. चहाच्या टपरीवर. माझी बहीण रानात जाते, दोघांच्या कवेत मावत नाहीत असली झाडं मोजते, म्हणून. नागेश हसला. दुसऱ्या दिवशी म्हणला, वाट दाखव. म्हणलो नाही. तर म्हणाला, उद्यापासनं यायचं नाही कामाला.

सुकन्या: मग दाखवलीस.

संघपाल: ओढ्यापर्यंतच. पुढं गेलो नाही. तुझ्या पत्र्यांवरनंच ते पुढं गेले असणार. मोठं झाड हुडकायला नंबर बघायचा, बस.

सुकन्या: माझे पत्रे बघून?

संघपाल: रडू नको गं. मला वाटलं एखाद-दुसरं नेतील.

सुकन्या: कुणीतरी दार वाजवतंय.

संघपाल: सुम्नं बस. बोलू नको.

दुर्गव्वा: मी आहे रे! दिवसाढवळ्या कडी कशाला?

संघपाल: ये, अव्वा. लवकर आत ये.

दुर्गव्वा: तुझ्या मिलचा तो नागेश गल्लीच्या तोंडाशी उभा आहे. मोटारसायकलवर दोघं आणखी. मला अक्का म्हणला, हात जोडला. याआधी कवा जोडला नव्हता.

सुकन्या: काय म्हणाला?

दुर्गव्वा: मुलगी घरात आहे काय विचारलं. मिलमधली एक वस्तू चुकून तिच्याकडं आलीय म्हणे. आणि म्हणला, अक्का, पोरीला एकटीला रानात पाठवू नका, जनावरं आहेत. हसत म्हणला. मला ते हसणं आवडलं नाही. काय आणलंस तू?

सुकन्या: हे.

दुर्गव्वा: हा पत्रा? एवढ्यासाठी तिघं आलेत?

संघपाल: चोरीची झाडं आहेत, अव्वा. तिनं ओळखली. आणि वाट मी दाखवली.

दुर्गव्वा: अय्यो... तुझा बाप बेलूरच्या फॅक्टरीत बोटं देऊन आला, पण कुणाचा खिळा उचलला नाही.

संघपाल: ठाऊक आहे.

दुर्गव्वा: दे तो पत्रा. नेऊन देते त्याला. पाया पडते. आपली माणसं राहू देत, झाडं गेली तर गेली.

सुकन्या: अव्वा, पत्रा दिला तरी मला दिसलंय हे त्याला कळलंय. आता तो दर वेळी हसणार. रानात, रस्त्यावर, तू बाजारात गेलीस की तिथं.

दुर्गव्वा: परत दार! संघपाल, बघ...

संघपाल: तू बोल, अव्वा. दार उघडू नको.

दुर्गव्वा: कोण?... नागेश होय. नाही बाबा, सुकन्या घरात नाही. मैत्रिणीकडं गेली... संघपाल? तो कुठं आला! मिलमध्येच असेल की... हो, आली की सांगते... संध्याकाळी? ये की. चहाला ये.

सुकन्या: गेला?

दुर्गव्वा: पायऱ्या उतरला. दाराला टेकूनच उभी होते गं.

संघपाल: सुकन्या, चपला घाल. मागच्या बाजूनं शेजारच्या मीनाक्षीअक्काच्या अंगणातनं निघू. तिच्या नवऱ्याच्या रिक्षानं धारवाड गाठायचं. अव्वा, तूही चल. इथं एकटी थांबायची नाहीस.

सुकन्या: तू कुठं येतोस? तुझं नाव येईल यात.

संघपाल: येऊ दे. ट्रक कुणाचा, ड्रायव्हर कोण, किती फेऱ्या झाल्या, हे तुझ्या फोटोत आहे का? ते मलाच सांगावं लागणार.

सुकन्या: तुला पकडतील, अण्णा.

संघपाल: मला भीती वाटत नाही असं समजू नको. चल, मी मागं फिरायच्या आत चल.

(दीड महिन्यानंतर. हल्याळकडचं रान, सकाळी नऊ.)

संघपाल: इथनं एवढं आभाळ दिसत नव्हतं गं.

सुकन्या: नव्हतं. वीस नंबर लिही. तीन दगडफुलं होती, एकही नाही.

संघपाल: एकवीस?

सुकन्या: कडा पांढऱ्या. मधे थोडा जीव आहे. तेवढंच लिही.

संघपाल: मिलला सील लागलं, कटिंग थांबलं, मी जामिनावर फिरतोय. तरी हे मरायलंच?

सुकन्या: तोड थांबली म्हणून सावली परत येत नाही. कदाचित पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आणखी जातील. वर ओढ्याच्या उगमाकडची टिकतील. तिकडं हात पोचला नव्हता त्यांचा.

संघपाल: मी अजून आठ दिवस गप्प बसलो असतो तर तिकडंही पोचला असता.

सुकन्या: हो.

संघपाल: तू मला माफ केलंस असं मी समजत नाही.

सुकन्या: समजू नकोस. हे बघ, बावीस नंबर. हे हिरवं आहे. पारदर्शक कागद दे, कडा गिरवून घेते. तू वरची दोन टोकं धर.

संघपाल: धरली. सुकन्या... मोटारसायकलचा आवाज आला का?

सुकन्या: आला.

संघपाल: वनखात्याचा गार्ड असेल?

सुकन्या: गार्ड दहाला येतो.

संघपाल: नागेशही जामिनावर सुटलाय. परवा.

सुकन्या: मला माहीत आहे. सकाळी सांगितलं असतं तर अव्वानं सोडलं नसतं.

संघपाल: मग निघायचं?

सुकन्या: कागद हलवू नको, अण्णा. एवढीच कड राहिली आहे.