तात्यांची कळशी

मंडळी, एक विचारतो — सेवा करून माणसाचं वाटोळं करता येतं का? हसू नका! येतं. ऐका कसं ते.

कोकणातलं एक गाव. तिथले नरहरीतात्या. वय ऐंशीच्या पुढे, पण पहाट झाली की कळशी घेऊन विहिरीवर हजर! पोफळीची रोपं शिंपायची, येताना देवाला फुलं आणायची, मग पेज. सून म्हणायची, "तात्या, जरा दम खा." तात्या म्हणायचे, "दम खाऊन पोट भरतं होय? पेज वाढ!"

मग आला सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला दिव्यांनी ओवाळायचं. सारा गाव लोटला. आणि एक पाहुणा — असा एक असतोच हो, फुकट जेवून वर अक्कल वाटणारा! — मोठ्यांदा म्हणाला, "काय मोरेश्वरा, बापाला अजून पाणी भरायला लावतोस?"

मोरेश्वर म्हणजे तात्यांचा लेक. बिचारा मेल्याहून मेल्यासारखा झाला! तिथेच, होमापुढे, हातावर पाणी घेऊन संकल्प सोडला — "आजपासून तात्या कळशीला हात लावणार नाहीत!" टाळ्या! भटजींच्यासुद्धा!

तात्या पुटपुटले, "अरे, मला आवडतं रे ते." ऐकलं कुणी? सनई चालू होती.

दुसऱ्या दिवसापासून तात्या झोपाळ्यावर. चहा तिथे, शिरा तिथे. जरा उठले की चहूकडून, "बसा, बसा!" कुणाचं चुकलं, सांगा? सगळे प्रेमानंच करत होते! पावसाळा सरला, तात्यांचे गुडघे आखडले. थंडीत भिंत धरून चालायला लागले. शिमग्याला तर मोरीपर्यंत न्यायलाही माणूस लागायला लागला.

तेव्हा मोरेश्वराचे डोळे उघडले. कळशी घेऊन समोर उभा राहिला. रडत म्हणाला, "तात्या, संकल्प मोडला मी. पाप लागलं तर लागू दे. चला, विहिरीवर जाऊ."

तात्यांनी झोपाळ्याची कडी धरली. जोर केला. पुन्हा केला. आणि परत झोपाळ्यावरच बसले.

"मोरू, तू वाईट नाहीस रे. पण मला जिवंतपणी देव्हाऱ्यात बसवलंस. देवाचं सगळं दुसरेच करतात."

अरेरे! केवढं हिरावून घेतलं हो त्या माणसाचं — आणि तेही ओवाळून!

मंडळी, घरच्या म्हाताऱ्यांच्या हातातला झाडू, निवडायची भाजी, दुकानापर्यंतची फेरी काढून घेऊ नका. लोक बोलतील? बोलू देत! तुमच्या आईबापाचे पाय लोक परत आणून देणार नाहीत.

हे बघा, पुढे बसलेले आजोबा उठतायत. ओ वहिनी, धरू नका त्यांना! खांब आहे हाताशी. उठू देत सावकाश. आरतीला घाई नाही, आम्ही थांबतो.