प्यानलजवळची मोठी टाकी

दगडोबा : जोरानं घास. नुस्त्या फडक्यानं न्हाई निघायचं ते, हळद-कुंकू तेलात कालवून लावलंय. हा घे डिझेलचा बोळा.

प्रतिक्षा : काका, दुपारी माणूस येतोय ही आग विझवायची रिकामी टाकी न्यायला. भरून आणतील तेव्हा नवीन लेबल लावूनच देतील. आत्ता कशाला घासत बसायचं?

दगडोबा : नवं घेऊन मी काय करू? माझ्या पोरानं, सुरजनं, ही उचलली. हिच्यावर काय लिवलं व्हतं ते मला पायजे. मला वाचता येत असतं तर तुला हापिसातून उठवलं नसतं, माय.

प्रतिक्षा : तसं नाही हो. घासते ना.

दगडोबा : तेरवी झाली, तरी जो येतो तो एकच बोलतो. मिलमधी चार वर्सं काम केलेलं पोरगं, दहावी पास, अन् विजेच्या पेटल्या प्यानलवर पान्याची टाकी मारली. वसमतच्या बाजारात बी तेच. अन् काल सूनबाई, ज्योती बोलली. मला न्हाई बोलली, भिताडाकडं तोंड करून बोलली. ‘निदान वाचायचं तरी,’ म्हनली.

प्रतिक्षा : वहिनी रागात आहेत.

दगडोबा : व्हय, रागातच हाय. पर मेलेल्या नवऱ्यावर राग धरून बाईनं जलम कसा काढायचा? म्हनून म्हनतो, घास. लेबल झाकलेलं व्हतं, त्येला दिसलंच न्हाई, एवढं मला घरी जाऊन सांगायचंय. बास.

प्रतिक्षा : झाकलेलं तर आहेच. हळद, वर कुंकू, वर पुन्हा हळद. थांबा, निघालं. हे चित्र बघा.

दगडोबा : चुलीवानी दिसतंय.

प्रतिक्षा : पेटलेली लाकडं आहेत. शेजारी इंग्रजी ए. म्हणजे लाकूड, कागद, कापड, आपला बारदाना, असलं काही पेटलं तर ही मारायची. पाण्याची आहे ही.

दगडोबा : अन् ही फुली कशावर मारलीय?

प्रतिक्षा : विजेवर. चालू विजेवर मारू नये. पाण्याच्या धारेतून करंट मागं येतो.

दगडोबा : हातात.

प्रतिक्षा : हो.

दगडोबा : त्येचे तळहात मी पाह्यलेत. कुनाला दावले न्हाईत. मुठी मिटूनच ठिवल्या व्हत्या मी शेवटपस्तोर.

प्रतिक्षा : काका, पाणी पिता का?

दगडोबा : नगं. मंग प्यानलवर काय मारायचं असतंय?

प्रतिक्षा : ती बारदान्याच्या खोलीत आहे ना, काळ्या भोंग्याची, ती. तिच्यात गॅस आहे. तिच्या लेबलवरही वीज काढलीय, पण फुली नाही. आधी मेन स्विच पाडायचा. मग पिन ओढायची, भोंगा आगीच्या बुडाकडं धरायचा आणि मूठ दाबायची. हिंगोलीला आमचं ट्रेनिंग झालं तेव्हा शिकवलं.

दगडोबा : मंग भोंग्याची बारदान्यात काहून? बारदान्याला पानी पायजे म्हनतीस, अन् पानी हितं प्यानलपाशी. हे तर समदं उलटं हाय. ज्या मान्सानं टाक्या बसवल्या त्येनं केलं का हे? नाव सांग त्येचं. गचांडी धरतो त्येची.

प्रतिक्षा : त्यानं नाही केलं.

दगडोबा : तुला काय ठावं?

प्रतिक्षा : जाऊ द्या ना, काका. झाकलेलं होतं, एवढंच सांगा वहिनीला. ते खरंच आहे.

दगडोबा : तू माझ्याकडं बघून बोल. दसऱ्याला दिवसभर फोटो काढत व्हतीस. दाव मला.

प्रतिक्षा : हा घ्या, सकाळचा. झाडलोट चालू होती.

दगडोबा : प्यानलजवळ भोंग्याची हाय.

प्रतिक्षा : हो.

दगडोबा : म्हंजी बराबर व्हती.

प्रतिक्षा : आणि हा पूजेचा. पाने, हातोडे, काटा, सगळं देवीपुढं मांडलं होतं. या दोन टाक्या दोन बाजूंना. झेंडूचे हार घातलेत. हे तुम्ही हळद लावताय.

दगडोबा : हा सुरज. हसून राहिलाय.

प्रतिक्षा : हो.

दगडोबा : पुढचा दाव. पूजा उठल्यावरचा.

प्रतिक्षा : पुढं नाही काढले मी.

(दगडोबा टाकीशेजारी खाली बसतो.)

दगडोबा : नगं दावू. मला याद आली. मीच टांगल्या.

प्रतिक्षा : काका…

दगडोबा : सुरज म्हनला, बाबा, भोंग्याची इकडं व्हती. मी म्हनलं, तुला काय कळतंय. प्यानल म्हंजी जिवाशी गाठ हाय, तिथं मोठी टाकी पायजे. बारदान्याला बारकी बास झाली. लई शानपन केलं मी. अन् त्येनं काय केलं? ‘बरं बाबा’ म्हनला, अन् ही मोठी उचलून माझ्या हातात दिली.

प्रतिक्षा : तुम्हाला माहीत नव्हतं.

दगडोबा : त्येला वाचता येत व्हतं, पोरी. त्येनं वाचलं न्हाई, कारन बापानं सांगितलं व्हतं. आग लागल्यावर तो कशाला इचार करतोय? बाबानं प्यानलसाठी टांगलेली टाकी हाय, एवढंच त्येच्या डोक्यात.

प्रतिक्षा : एकट्यावर घेऊ नका. माझं ट्रेनिंग दिवाळीनंतर झालं. आले त्याच दिवशी दिसलं मला, टाक्या उलट्या आहेत. लेबल समोर पाहिजे, पुसलेलं पाहिजे, हेही कळलं होतं. भिंतीवर लावायचा मराठी तक्ता दिला होता त्यांनी. कपाटावर गुंडाळून पडलाय.

दगडोबा : मंग बोलली काहून न्हाईस?

प्रतिक्षा : तुम्ही लावलेली पूजेची हळद पुसा, असं तुम्हाला कसं म्हणू? म्हटलं, तपासायला माणूस येईल, तो बदलेल. रोज समोरून जायचे मी. रोज.

(दगडोबा बोळा घेऊन टाकीवरची उरलेली हळद पुसू लागतो.)

प्रतिक्षा : काका, वहिनीला सांगू की बसवणाऱ्यानंच उलट्या बसवल्या. मी पण तसंच सांगेन. फोटो काढून टाकते. कुणाला कळणार आहे?

दगडोबा : नगं. ऱ्हाऊ दे तो फोटो, त्येच्यात तो हसतोय.

प्रतिक्षा : मग काय सांगणार तुम्ही?

दगडोबा : झालं तसं सांगणार. मेलेल्यावर राग नगं म्हनत व्हतो न मी? मंग जित्यावर येऊ दे.

प्रतिक्षा : एका घरात राहायचंय तुम्हाला. उद्या त्यांनी ताट पुढं ठेवलं नाही तर?

दगडोबा : तर न्हाई ठिवलं. तिची तकलीफ मोठी हाय, माझी न्हाई.

प्रतिक्षा : मी येते सोबत. माझंही मीच सांगते.

दगडोबा : ये. पर आधी हितलं बघू. उद्या मिल चालू व्हनार, नव्या प्यानलवर दुसऱ्या कुनाचं तरी लेकरू उभं ऱ्हाईल. ती भोंग्याची भरलेली हाय का?

प्रतिक्षा : आहे. सील तसंच आहे. तिच्यावरची हळद मी पुसते.

दगडोबा : मी पुसतो. मीच लावली व्हती.

प्रतिक्षा : बरं.

दगडोबा : अन् तू हितं उभी ऱ्हा. कुठल्या खिळ्याला टांगायची ते बोट लावून दाव. माझ्या मनानं न्हाई टांगत आता.