पुढचा गट

शर्यतीच्या आदल्या दिवशी नंबर घ्यायच्या रांगेत माझ्यापुढे साठी ओलांडलेलं एक जोडपं उभं होतं.

“अगं, आपली दोघांची नावं मी मागच्या गटात घातलीत. सगळे चालणारेच आहेत त्यात.”

“माझं मी पुढच्या गटात बदलून घेणार आहे.”

“तो पळणाऱ्यांचा गट! पहिलीच शर्यत आपली. पाय मोडून घेशील.”

“रोज सकाळी बागेत तुमच्या पुढेच असते ना मी?”

“तेच तर कोडं आहे. शाळेत धावण्यात पहिला यायचो तो मी. तू तर जन्मात मैदान पाहिलं नाहीस. एवढं भराभर चालायला शिकलीस कुठे?”

“तुमच्या मागे.”

“म्हणजे?”

“लग्न झाल्यापासून तुम्ही हात हलवत पुढे आणि मी कडेवर पोर, हातात पिशव्या घेऊन मागे. बाजार असो नाहीतर स्टेशन. गर्दीत तुमचा शर्ट दिसेनासा झाला की पळत सुटायचे.”

“हाक मारायचीस की.”

“मारायचे. ‘चल लवकर’ म्हणायचात. तेही पुढे बघूनच.”

रांग थोडी सरकली.

“आण ती पिशवी इकडे.”

“असू दे. रिकामीच आहे.”

“आण म्हणतो ना.”

“घ्या.”

“आणि उद्या मी मागे राहिलो तर?”

“राहणारच आहात.”

“मग गं?”

“घाबरू नका. मी मागे वळून बघत जाईन.”