समीक्षानं पिच्चर काढला

...कार्टून न्हाई हो, पिच्चर हाय! पिच्चर! किती येळा सांगू? तुम्हाला सांगतो, लातूरात माझ्याच घराच्या माडीवर बसून माझ्या पोरीनं, समीक्षानं, चार वर्षं घालून पिच्चर काढला, दीड तासाचा, एका टोणग्याचा, मालक त्याला बाजारात इकतो अन् तो तिथून चालत चालत घरी येतो... एवढीच गोष्ट, पण एक एक पाऊल हातानं काढलेलं, अन् टोणग्याला पाय चार, आता इचार तुम्हीच करा! टोणग्याचा आवाज माझा. मी एसटीत कंडक्टर, बावीस वर्षं 'पुढं सरका, पुढं सरका' वरडून गळा तयारच होता.

पण कौतुक? शेजारचा आनंदराज म्हणतो, 'शरणप्पा, लई भारी! आमची बारकी जेवत न्हाई तवा लावतो.' अरे, कार्टून न्हाई, पिच्चर हाय! पेपरात लिहिणारे एक साहेब नाकातून बोलले, 'प्रयत्न गोड आहे, परंतु यात अभिनय कुठे आहे?' मग मी दोन महिने हंबरून राहिलो ते काय होतं? पोरीचं नाव समीक्षा ठेवलं अन् तिचीच समीक्षा कोणी नीट करंना! ती एवढंच म्हणली, 'पप्पा, बक्षीस नको. पण माझा पिच्चर मोठ्या माणसांच्या पिच्चरांत धरा म्हणावं.'

तेवढ्यात नांदेडला एका मंडळाचा कला महोत्सव निघाला, पिच्चर, चित्रकला, सगळ्याच्या स्पर्धा. अर्ज कोणी भरला? मी! रकाना होता 'कलाकृतीचं वर्णन'. मी ठसठशीत लिहिलं, 'मुलीने स्वतः हाताने काढलेला पिक्चर.' काय चुकलं, सांगा ना? आम्ही पोचलो तर दारात नावं लिहून घेणाऱ्या धम्मप्रिया मॅडम लई गोड हसल्या, 'चित्रकला स्पर्धा वरच्या मजल्यावर. रंगपेटी आणली ना? मुलगी कोणत्या वयोगटात?' समीक्षा एकतीस वर्षांची हो! माझ्याकडं तिनं असं बघितलं, असं बघितलं... मी भिंतीवरचं घड्याळ बघून राहिलो.

मग माझ्यातला कंडक्टर उठला. 'मॅडम! कार्टून न्हाई, चित्रकला न्हाई, पिच्चर हाय!' आतले पिच्चरचे तिन्ही परीक्षक बाहेर पळत आले. बरं म्हणले, दाखवू, स्पर्धेबाहेर, जेवणानंतर. जेवणानंतर! मला वाटलं, आता झोपतेत हे. पण टोणगा घराच्या दारात येऊन हंबरला, अन् सगळ्यात कडू तोंडाचे ते थोरले परीक्षक... रुमाल काढला हो त्यांनी! उठून म्हणले, 'हा मुख्य स्पर्धेत घ्या.' अन् संध्याकाळी नाव पुकारलं, सर्वोत्कृष्ट चित्रपट! पोरगी गळ्यात पडून रडली. म्या बी रडलो, खोटं कशाला बोलू?

झालं. गल्लीत फ्लेक्स लागला, शाल झाली, नारळ झाला, 'समीक्षाताईनं पिच्चर काढला' हे सगळ्यांना कळलं. पण कळलं कसं? दुसऱ्या दिवशी सकाळी दारात आनंदराज, मागं सात-आठ बाया, सगळ्यांच्या हातात कोरे चार्टपेपर! 'ताई, चित्र काढायचं पयलं बक्षीस मिळालं म्हणं! बारकीला शाळेत "पाणी वाचवा" द्यायचंय...' अन् पोरगी भिडस्त, न्हाई म्हणता येईना. चार दिवस झाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाची दिग्दर्शिका माडीवर बसून गळके नळ काढून राहिली.

अन् रंग?... रंग मी भरून राहिलो.