हातानं उकरायचं

सृष्टी : दोन केमो चुकवले? आणि मला हैदराबादला फोनवर ‘सगळं बराबर चालू हाय’ म्हणत होता?

व्यंकट : हळू बोल. खाली आपल्या मेसमध्ये क्लासची पोरं जेवून राहिलीत.

सृष्टी : जेवू द्या! मायला छातीचा कॅन्सर आहे अप्पा. कुणाला विचारून बंद केलंत?

व्यंकट : तुझंच औषध येणार म्हणून थांबलो. ते तुझं अ‍ॅप्टामर! डीएनएचा बारका तुकडा, कॅन्सरची पेशी हुडकून तिलाच चिकटतो. चांगल्या पेशीला हात लावत न्हाई. तूच म्हणलीस.

सृष्टी : चिकटतो, पण प्रयोगशाळेत! आता कुठं उंदरावर चालू आहे. माणसाला कधी देता येईल, मलाच माहीत न्हाई.

व्यंकट : मग सांगितलंस कशाला? अख्ख्या लातुरात सांगून बसलो, पोरगी डॉक्टर न्हाई झाली, पर डॉक्टरला औषध करून देऊन राहिली.

सृष्टी : तुमची मिरवायची हौस फिटली, आणि तिची गाठ वाढली!

व्यंकट : मिरवायची? अगं, ‘केमो म्हंजे ढिगाऱ्यावर जेसीबी, अ‍ॅप्टामर म्हंजे आवाज आला तिथंच हातानं उकरायचं,’ हे कोण म्हणलं?

सृष्टी : तुम्हाला समजावं म्हणून म्हणले हो!

व्यंकट : समजलं की! भूकंपात तुझ्या मायला मी हातानं उकरून काढलं. नखं गेली माझी. शेजारच्या घरावर मशीन घातली, भागवत मेलेलाच निघाला. सख्खा भाऊ माझा! आता हिच्यावर मशीन घालू?

केवळाबाई : झालं का दोघांचं?

व्यंकट : तू पड गं गुमान.

केवळाबाई : पडूनच ऐकून राहिले. ढिगाऱ्याखाली तुमी न्हवता, मी व्हते. आतून काय वरडत व्हते, कधी इचारलं?

व्यंकट : मलाच हाका मारत व्हतीस.

केवळाबाई : कशाच्या हाका! ‘मशीन आणा’ म्हणत व्हते. हात तुटू द्या, पाय तुटू द्या, पर भाईर काढा.

(खालून ताटांचा आवाज येतो.)

सृष्टी : माय...

केवळाबाई : रडू नको. दवाखान्यात फोन लाव. आन् तेवढा डोक्याचा रुमाल दे इकडं.